उजव्या कोपऱ्यातला दिवा

आधी मला नाक दिसलं. ते माझं आहे हे जरा उशिरानं कळलं. दुपारी नव्या तिकिटांचं बंडल फोडलं, वरचा तपकिरी कागद बाजूला केला आणि पहिला ताव सवयीनं उजेडात धरला. कडेचे दाते नीट पडलेत का, रंग सरकलाय का, एवढंच बघायचं असतं. उद्या प्रकाशित व्हायचं तिकीट, बुद्धपौर्णिमेच्या उत्सवाचं. डावीकडे टेकडीवरची मूर्ती, मूर्तीच्या वर चंद्र, आणि मूर्तीकडे तोंड करून उभी असलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात दिवा. सगळ्यांची तोंडं डावीकडे. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक माणूस मात्र उजवीकडे तोंड करून उभा, तिकिटाच्या बाहेर कुठंतरी बघत. त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता आणि त्या चेहऱ्याला आमच्या घराण्याचं नाक होतं. हे नाक लपत नाही. मधे उंचवटा, मग घसरण, टोकाला पुन्हा विचार बदलल्यासारखं किंचित वर. बाबांना होतं, दादाला आहे, आत्याला बाईमाणूस असूनही आहे, आणि लहानपणी पाहुणे आले की आम्हाला ओळीनं उभं करून त्यावर विनोद व्हायचे. एका तावात पस्तीस तिकिटं. पस्तीस वेळा मी मूर्तीकडे पाठ करून उभा होतो. आमच्या कचेरीत असे दोनशे ताव आले होते.

खाली बारीक अक्षरात छायाचित्राचं साल होतं. बावीस वर्षांपूर्वीचं. ते वाचायची मला गरज नव्हती.

शेजारच्या खिडकीवर रजिस्टरवाल्या बाई बसतात. त्यांनी मान लांब करून ताव बघितला आणि हसून म्हणाल्या, की सगळे मूर्तीकडे बघतायत आणि हा एकटाच उलटा, बायकोनं हाक मारलेली दिसतेय. मीही हसलो. बाई दिवसभर माझ्यापासून दोन हातांवर असतात, माझं नाक रोज बघतात, पण त्यांना ते दिसलं नाही. माणूस जवळच्या नाकाकडे बघत नाही हे माझं निरीक्षण आहे. खिडकीमागं तीस वर्षं बसलं की अशी निरीक्षणं साठतात. तिकीट जिभेनं चिकटवणारे आणि बोट ओलं करणारे, अशी माणसांची एक ढोबळ वाटणी मी केलेली आहे. जिभेवाले उधळे आणि माफ करून टाकणारे, बोटवाले जपून वागणारे. तिसरी जात संग्रह करणाऱ्यांची. ते तिकिटाला हातच लावत नाहीत, चिमट्यानं उचलतात, आणि खिडकीच्या जाळीतून माझ्या बोटांकडे असं बघतात की जणू त्यांच्या पोरीला मागणी घालायला आलेल्या मुलाची नखं तपासतायत. ही जात कधी काही विसरत नाही आणि कधी काही टाकून देत नाही. माझा दादा त्या जातीचा आहे.

दादा मोजणी खात्यात होता. उभं आयुष्य लोकांच्या जमिनींचे कोपरे शोधण्यात गेलं, त्यामुळे कुठलंही चित्र हातात आलं की तो आधी कोपरे बघतो. मधलं काय, ते कुणालाही दिसतं, असं त्याचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर आमच्याच शहरात येऊन राहिला, माझ्यापासून चालत वीस मिनिटांवर, आणि नवं तिकीट निघालं की पहिल्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी रांगेत पहिला उभा असतो. दोन कोरी तिकिटं, चारांचा एक चौकोन आणि शिक्का मारलेलं पहिल्या दिवसाचं पाकीट. शिक्का तिकिटाच्या फक्त कोपऱ्याला लागलेला हवा, वर्तुळ पूर्ण, तारीख स्वच्छ. तिथं तो भिंग काढत नाही. सगळं पुठ्ठ्यात घालून घरी नेतो आणि रविवारी मला बोलावतो. टेबलाला खिडकीतलं ऊन येतं, तो भिंग फिरवतो, कोपऱ्यांपासून सुरुवात करतो, मग भिंग माझ्याकडे देतो आणि म्हणतो, बघ. मी बघतो. वहिनी चहा आणते. लाल थर्मासातून ओतते. थर्मासाच्या बुडाशी पोचा आहे. त्या थर्मासातला चहा मी बावीस वर्षं पितोय. एकदाही म्हणालो नाही की चहा नको.

तो थर्मासही तिकिटावर होता. हे मला दुसऱ्या नजरेत दिसलं. बाईंची पाठ वळल्यावर ताव पुन्हा उचलला. माझ्या हातात, म्हणजे त्या माणसाच्या हातात, छातीशी धरलेली लाल, नळकांड्यासारखी वस्तू होती आणि तिच्या टोकावर पिवळी ज्योत होती. चित्रकारानं जुना फोटो समोर ठेवून रंग भरले असणार. सगळ्यांच्या हातात दिवे, तेव्हा याच्याही हातात दिवाच असणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असणार. थर्मासाच्या टोपणावर त्यानं मन लावून ज्योत काढली होती. एवढंच नाही, तिचा उजेड माझ्या हनुवटीवर आणि नाकावर पाडला होता. म्हणून तर नाक इतकं उठून दिसत होतं.

बाबा त्या साली आजारी, दादाकडे होते, इथून तीन तासांच्या रस्त्यावर. पौर्णिमेच्या सकाळी कचेरीत दादाचा फोन आला. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलंय, इथं मिळत नाही, तिथून घे, बर्फात ठेवून आण, संध्याकाळच्या आत. दादा फोनवर कमी बोलतो. संध्याकाळच्या आत हे मात्र तो दोनदा म्हणाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, इंजेक्शन शोधण्यात दुपार गेली, दादानंच मागं विसरलेला थर्मास होता, त्यात बर्फ भरला, कुपी कापसात गुंडाळून आत ठेवली आणि गाडीत बसलो. इथपर्यंत माझ्या वागण्यात कुणी काही काढून दाखवावं. अर्ध्या वाटेवर टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबली, कारण रस्ता माणसांनी भरला होता. उत्सवाची मिरवणूक वर चढत होती. ड्रायव्हर म्हणाला, तासभर लागेल, पाय मोकळे करायचे तर करा. सगळे उतरले. मीही उतरलो. थर्मास गाडीत ठेवला तर कुणी पाडेल म्हणून हातात घेतला. तो पडून एक पोचा आधीच आला होता.

मी धार्मिक माणूस नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर लोकांना वाटायचं की मला वर काही ओढत होतं. ओढत होतं ते वेगळंच. वर चढताना अंगाला अंग लागत होतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं, तेलाचा आणि मेणाचा वास येत होता, आणि आजूबाजूच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं की माझे बाबा मरतायत. हे फार बरं वाटलं. आठवडाभर जो भेटेल तो आधी चेहरा पाडायचा आणि मग विचारायचा. बाबांच्या खोलीत मी आदल्या रविवारी चार तास बसलो होतो. बाबांचा हात माझ्या मनगटावर होता. धरलेला नव्हता, नुसता ठेवलेला, पण मला तो काढता येत नव्हता. खोलीत उकळलेल्या कपड्यांचा वास होता, आणि बाबा दर थोड्या वेळानं विचारायचे, तू आहेस ना. आहे म्हटलं की डोळे मिटायचे. चार तासांत मी कितीदा आहे म्हणालो ते मोजलं होतं, आकडा सांगत नाही. टेकडीवर मला कुणी काही विचारत नव्हतं. एका म्हातारीनं दिवा पुढं केला, मी थर्मास दाखवला, ती हसली आणि पुढं गेली. मग खाली गाडीचा हॉर्न वाजला.

हॉर्न तीनदा वाजला. मी वळलो आणि रस्त्याकडे बघत उभा राहिलो. गाडीचे दिवे लागले, माणसं चढली, कुणीतरी दार बडवलं. मला वाटत होतं की आता माझे पाय निघतील. मी अगदी त्यांची वाट बघत होतो, जसं आपण उशीर करणाऱ्या दुसऱ्या माणसाची बघतो. त्याच वेळी बाजूला कुठंतरी झगमगाट झाला, फोटो काढणाऱ्याचा. मला वाटलं कुणी फुलबाजी लावली. गाडी गेली. तिचे मागचे दोन लाल ठिपके वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी बघितले आणि मग खाली बसलो. त्या वेळी छातीत जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं दादाच्या घरी पोचलो. बाबा तासाभरापूर्वी गेले होते. दादा दारात होता. त्यानं माझ्या हातातून थर्मास घेतला, टोपण फिरवलं, आत बघितलं. बर्फाचं पाणी झालं होतं आणि कुपी त्यात तरंगत होती. मी म्हणालो की रजा मिळाली नाही, पौर्णिमेमुळे टपालाचा ढीग पडला होता, सोडलंच नाही, मग गाडी मिळाली नाही. आई आधीच गेलेली होती, दादालाच सगळं बघायचं होतं, त्यामुळे मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दादा हं म्हणाला आणि थर्मास खिडकीत ठेवला. आत्या मला धरून रडली, मेल्या नोकरीला आग लागो म्हणाली. पुढं बरीच वर्षं माझ्या खात्याला सगळ्या नातेवाइकांकडून शिव्या बसल्या आणि मी खात्याची बाजू घेत राहिलो, की बाबांनो, त्यांचाही नाइलाज असतो.

आता ताव पुढ्यात घेऊन मी विचार केला तो व्यवहारीपणानं केला. दादाला नव्या तिकिटाची सूचना मुख्य कचेरीतून थेट जाते, पण त्यात चित्र नसतं, नुसती तारीख आणि विषय असतो. म्हणजे त्यानं अजून बघितलेलं नाही. उद्या तो येणार, बघणार नाही, पुठ्ठ्यात घालणार, आणि रविवारी उन्हात कोपऱ्यांपासून सुरुवात करणार. मग भिंग माझ्याकडे देणार. पाकिटावरच्या तिकिटावर मला शिक्क्यानं तोंड झाकता येईल, पण कोऱ्या तिकिटांचं काय. त्यांना मी हात लावू शकत नाही. मी आजारी पडायचं ठरवलं. पोस्टमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, उद्या रजा हवी, अंगात कसकस आहे. ते म्हणाले, उद्या नवं तिकीट, त्यात पौर्णिमा, टपालाचा ढीग पडणार, आणि तुमच्यासारखा शिक्का दुसऱ्या कुणाला मारता येतो का. रजा मिळणार नाही. तेच शब्द. बावीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या जागेवरच्या माणसाच्या तोंडी घातलेले. मी दार लावून बाहेर आलो आणि जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. खोटं इतकं उशिरा खरं झालं की त्याचा काही उपयोग नव्हता.

जाताजाता त्यांनी एक ताकीद दिली. मागं एकदा मूर्तीच्या डोळ्यांवर शिक्का बसला म्हणून तक्रारी झाल्या होत्या. तेव्हा या वेळी शिक्का वर डावीकडे, चंद्राच्या कडेला. मूर्तीवर नाही, माणसांवर नाही, कुणाच्याही तोंडावर नाही. लेखी हुकूम खिडकीत डकवला. खास शिक्का पिंपळपानाच्या आकाराचा होता, मधे तारीख. मला कचेरीत ठोक्या म्हणतात, ते या कामामुळे. हातात शिक्का घेतला की तो नेमका पडतो, मनगट किती वाकवायचं, शाई किती, हे मला विचार न करता येतं. तीस वर्षांत माझा हात सरकलेला नाही. रात्री बायकोनं विचारलं, जेवत का नाहीस, तर म्हणालो उद्या काम फार आहे. तीही खात्याला दोन शब्द बोलली.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तेव्हा रांगेत पहिला दादा नव्हता. एक दाताचा डॉक्टर होता. मग शाळेची बाई, मग एक निवृत्त खलाशी, तो नेहमी जिभेनं चिकटवतो. मी ठोकत होतो. चंद्राच्या कडेला पान, चंद्राच्या कडेला पान. प्रत्येक पाकिटावर मी खाली कोपऱ्यात स्वच्छ उभा होतो, दिवा घेऊन, अगदी शहाण्यासारखा. शंभर झाले, दोनशे झाले. दादा आला नाही तर काय, याचा हिशेब करत होतो. आला नाही तर तो आजारी असेल, मग मला जाऊन बघावं लागेल, जाताना तिकिटं न्यावी लागतील. तिकिटं न न्यावीत तर का नाही नेली. कुठूनही निघालं तरी रविवारच्या टेबलापाशीच येत होतं. नातेवाईक नसलेली माणसं किती असतात जगात, आणि ती रांगेत उभी असताना किती दुःखी दिसतात. मला त्यांचा हेवा वाटला.

दादा जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी आला. रांगेत सातवा उभा राहिला. पुढं आल्यावर त्यानं नेहमीचा पुठ्ठा काढला नाही, तर पाकिटांचा गठ्ठा जाळीखालून सरकवला. वीस पाकिटं. सगळ्यांवर त्याच्या मोजणी खात्याच्या अक्षरात पत्ते. आत्याचा, चुलतभावांचा, मावशीच्या मुलीचा, बाबांच्या कचेरीतल्या एका मित्राचा, जो अजून जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांत वर त्याचं स्वतःचं. म्हणाला, तिकिटं लाव, शिक्का मार आणि टाकून दे, आजच्या टपालानं जाऊ देत. मी विचारलं, घरी नेणार नाहीस? तो म्हणाला, नाही, या वेळी पोस्टानंच.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, ती खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. शिक्का पडला की पत्र पाठवणाऱ्याचं राहत नाही. ते ज्याच्या नावाचं, त्याचं. मग त्याला कुणीही परत मागू शकत नाही, ना लिहिणारा, ना ठोकणारा.

मी वीस तिकिटं लावली, बोट ओलं करून. वरचं पाकीट घेतलं आणि शिक्का उचलला. मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, आणि नकळत झालं असंही नाही. पान उजव्या खालच्या कोपऱ्यावर पडलं. अर्धं तिकिटावर, अर्धं पाकिटाच्या कडेवरून टेबलावर. काळ्या शाईखाली नाक गेलं, दिवा गेला. चंद्र कोरा राहिला. इतका गलिच्छ शिक्का मी आयुष्यात मारला नव्हता. दादा जाळीतून बघत होता.

"हात सरकला," मी म्हणालो.

"तुझा हात सरकत नाही."

त्याच्या मागं उभ्या असलेल्या बाई पाय बदलत होत्या. दादानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि जाळीला लावून धरला. मुख्य कचेरीची सूचना होती. या वेळी त्यांनी चित्र छापलं होतं, पोस्टकार्डाएवढं मोठं. पंधरा दिवसांपासून त्याच्याकडे होतं. म्हणजे मधले दोन रविवार तो मला घरी बोलावून, तिसऱ्याच तिकिटावर भिंग फिरवत, चहा पाजत होता.

"मी त्या दिवशी दुपारी तुमच्या कचेरीत फोन केला होता," दादा म्हणाला. आवाज नेहमीचा, कोपरा सापडल्यावर शेजारच्या माणसाला सांगतात तसा. "बाराला निघालास म्हणाले. बाबा विचारत होते, मी सांगत होतो, वाटेत आहे. रात्रभर सांगत होतो. मग इतकी वर्षं मला वाटायचं, कुठं गेला असेल हा? पत्ते खेळत बसला असेल, नाहीतर कुणी बाई असेल. तुझ्या वहिनीलासुद्धा कधी बोललो नाही."

बोलायला जे होतं ते चार पदरी घडी घालून ठेवलेलं होतं आणि मागं बाई उभ्या होत्या.

"इथं होतास होय," तो म्हणाला. मग बोटानं कागदावरची ज्योत दाखवली. त्याला जवळजवळ हसू आलं. "थर्मासाला दिवा केला यांनी."

"दादा, मी निघणारच होतो."

"ते दिसतंय. तोंड रस्त्याकडे आहे." त्यानं कागदाची घडी घातली, पूर्वीच्याच घडीवर. "हे वाया गेलं, हे तू ठेव. बाकीच्यांवर नीट मार. वर, चंद्रापाशी. तू दिसू दे."

मी ठोकू लागलो. एकोणीस. मनगट आपोआप वाकत होतं, शाई बेतशीर येत होती, प्रत्येक पान चंद्राच्या कडेला नेमकं बसत होतं. आत्याच्या पाकिटावर बसलं, चुलतभावांच्या, बाबांच्या त्या मित्राच्या. साल तिकिटावर छापलेलंच होतं, आणि बाबा पौर्णिमेच्या रात्री गेले हे घरातलं कुणी विसरलेलं नव्हतं. शाई वाळावी म्हणून पाकिटं उलटी करून ओळीनं मांडली तेव्हा मागच्या बाजूला लिहिलेलं दिसलं. प्रत्येकावर तीच ओळ, त्याच रेखीव अक्षरात: उजव्या कोपऱ्यात कोण उभा आहे, ओळखा पाहू. खाली नुसतं, दादा. हे कौतुकानं लिहिलंय की कशानं, ते अक्षरावरून कळत नव्हतं. दादाच्या अक्षरावरून कधीच काही कळत नाही, ते नकाशावरचं अक्षर आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथंही तेच नाक होतं, आणि त्याच्यावरून मला आजवर काय कळलं आहे.

"रविवारी ये," तो म्हणाला. "चहाला."

तो गेला. मी एकोणीस पाकिटं उचलून पिशवीत टाकली, कारण ती आता माझी नव्हती आणि त्याचीही नव्हती. विसावं ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यावर मी कुठं आहे ते फक्त मलाच सांगता आलं असतं. मागच्या बाई पुढं सरकल्या. त्यांनी आपलं पाकीट जाळीखालून ढकललं आणि समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, मघाशी एक बिघडलं ना हो तुमचं, मी बघितलं. माझ्यावर जपून मारा. तो कोपऱ्यातला माणूस फार छान आलाय, त्याच्यावर शाई नको.

नाही पडणार, मी म्हणालो, आणि शिक्का उचलला.